मिस्त्रींची पिवळी रेघ

आप्पांनी नोकरीची तेहतीस वर्षं दुसऱ्यांची वजनं तपासण्यात घालवली. वजनमापं खात्यात ते निरीक्षक होते. ते दुकानात शिरले की तराजूवाल्याच्या तोंडचं पाणी पळायचं, कारण वजन नुसतं हातात झुलवून ते सांगायचे, याच्या बुडाला कोणीतरी कानस लावलीय. खात्यातल्या लोकांनी त्यांचं नाव ‘मिलिग्रॅम’ ठेवलं होतं. वजन खरं निघालं की आप्पा त्यावर शिक्का ठोकायचे, आणि तसला खोटा शिक्का बनवणारा सापडला तर त्याला तुरुंगाचं दार दाखवल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. हे सगळं आधीच सांगितलेलं बरं. पुढे या माणसाने जे केलं, ते न कळून केलं असं कोणाला वाटायला नको.

असा माणूस निवृत्त होऊन घरात बसला की घराचं काही खरं नसतं. आप्पांनी आधी मिक्सर उघडला. तो पुन्हा बंद झाला, पण तीन स्क्रू उरले. मग कपडे धुण्याचं मशीन उघडलं, आणि ते घरभर पाणी ओकून कायमचं शांत झालं. त्या दिवशी बायकोने फरशी पुसता पुसता त्यांच्याकडून शब्द घेतला, की यापुढे कुठल्याही यंत्राला पाना लावायचा नाही. आप्पांनी शब्द दिला. लेक आणि नात दोघी साक्षीला होत्या आणि दोघीही हसत होत्या. तेच आप्पांच्या जास्त जिव्हारी लागलं.

गाडी एकोणीस वर्षांची होती. ती घेतल्यापासून तिला एकाच माणसाचा हात लागला होता, तो म्हणजे दोन रस्ते सोडून गॅरेज चालवणाऱ्या मिस्त्रींचा. मिस्त्री आता सत्तरीला आले होते. त्यांची एक पद्धत होती. महत्त्वाचा नट पुरता आवळून झाला की ते एका काडीने त्यावर पिवळ्या रंगाची रेघ ओढत, अर्धी नटावर आणि अर्धी तो ज्यावर बसतो त्या दांड्यावर. नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटते, असा त्यामागचा हिशेब. गिऱ्हाइकांना मात्र त्या रेघेतून एवढंच कळायचं, की हे मिस्त्रींनी स्वतः आवळलंय, आता खुशाल जा. महिन्यापूर्वी त्यांनी गाडीच्या पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग बदललं होतं आणि चाकाच्या मधल्या मोठ्या नटावर अशीच रेघ ओढून दिली होती.

पुढे काही दिवसांनी गाडी वळवताना त्याच चाकातून टक टक असा आवाज यायला लागला. इंजिनाची ताकद चाकापर्यंत नेणारा जो दांडा असतो, शाफ्ट, त्याच्या टोकाचा सांधा झिजला होता. आप्पांनी मोबाइलवर चार व्हिडिओ पाहिले. व्हिडिओतला माणूस शीळ घालत घालत पाऊण तासात शाफ्ट बदलत होता. बायको बहिणीकडे चार दिवस राहायला गेली होती. लेक सकाळी कामाला आणि नात शाळेला. एवढी संधी पुन्हा कधी मिळणार?

भंगारवाल्याकडून त्यांनी एक जुना शाफ्ट आणला. पाऊण तासाचं काम दोन दिवस चाललं; रात्री लेकीला कळू नये म्हणून गाडीवर कापड ओढून ठेवलं. पहिल्या दिवशी नुसता तो मोठा नट सोडवायलाच पान्याला नळी लावून तिच्यावर उभं राहावं लागलं. गिअरबॉक्समधलं तेल शर्टाच्या बाहीत शिरलं. पण दुसऱ्या दिवशी शाफ्ट बसला, आणि आप्पांनी अंगणात एकट्यानेच टाळी वाजवली.

घोडं अडलं ते नटापाशी. व्हिडिओत बजावलं होतं की हा नट एकदा काढला की पुन्हा वापरायचा नाही, नवीनच लावायचा. त्याची कड छिन्नीने खाचेत ठोकलेली असते, ती दुसऱ्यांदा धरत नाही. शिवाय किती जोराने आवळायचा त्याचा आकडा असतो, आणि तो मोजायला वेगळा पाना लागतो. आप्पांकडे नवीन नट नव्हता आणि तो पानाही नव्हता. बायको संध्याकाळी परत येणार होती. ज्या माणसाने आयुष्यात ‘अंदाजे’ हा शब्द ऐकून घेतला नव्हता, त्याने जुनाच नट लावला, नळी धरून अंदाजे आवळला आणि चेपलेली कड पुन्हा अंदाजेच ठोकली.

मग त्यांना मिस्त्रींची रेघ आठवली. ती तर खरवडून गेली होती. पुढच्या वेळी मिस्त्री चाक उघडणार आणि विचारणार, कोणी हात लावला? बातमी बायकोपर्यंत जाणार. फाटकाला दिलेल्या रंगाचा डबा जिन्याखाली होता, आणि तोही नेमका पिवळा. आप्पांनी काडी बुडवली आणि अर्धी नटावर, अर्धी दांड्यावर अशी सुबक रेघ ओढली. मिस्त्रींच्या रेघेपेक्षा ती सरळ आली होती. खरं सांगायचं तर त्यांना तिचा अभिमानही वाटला.

आठवडाभर गाडी लोण्यासारखी चालली. आठव्या दिवशी लेक नातीला शाळेत सोडायला निघाली आणि शाळेच्या वळणावरच चाक डगमगायला लागलं. लोखंडावर लोखंड घासल्याचा आवाज आला. वेग कमी होता म्हणून तिने गाडी कशीबशी कडेला घेतली. कोणाला काही झालं नाही. गाडी ओढून गॅरेजमध्ये नेली तेव्हा लेक सोबत होती, आणि घरी आली ती तावातावाने बोलतच.

“आई, मिस्त्रींचं वय झालंय. त्यांनीच कबूल केलं. चाक काढलं, बॅटरी मारली, त्या नटावर बोट फिरवलं आणि खालीच बसले. म्हणाले, ताई, रेघ माझी आहे. माझ्या हातून नट ढिला राहिला. मला इतका राग आला होता ना, मी चार लोकांत त्यांना वाट्टेल ते बोलले. मागच्या सीटवर पोर होती माझी!”

“काय म्हणाले ते?” आईने विचारलं.

“काय म्हणणार? हात जोडले.”

आप्पा पेपर वाचत होते. म्हणजे पेपर त्यांच्यासमोर होता. ‘तो नट मी लावला’ एवढंच बोलायचं होतं, चार शब्द. त्यांनी पान उलटलं. लेक म्हणाली, “बघा ना आप्पा, इतकी वर्षं आपण डोळे मिटून विश्वास ठेवला.” आप्पांनी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते त्यांनी तिच्यावरच सोडलं. लेकीने हो धरलं.

दुपारी मिस्त्रींचा फोन आला. नेहमी ते मोठ्याने बोलायचे, आजूबाजूला ठोकाठोकी चालू असल्यासारखे. आज आवाज हळू होता.

“साहेब, महिनाअखेर गॅरेज बंद करतोय. तुम्हाला आधी सांगावं म्हटलं.”

“अहो, असं काय करताय?”

“तुम्ही नोकरीत होतात तेव्हा वजन खोटं निघालं की काय करायचात?”

“जप्त करायचो.”

“मग माझे हात जप्तच करायला पाहिजेत, साहेब. आज तुमची पोरगी वाचली. उद्या कोणाची वाचेल न वाचेल.”

इथे बोलायला हवं होतं. मिस्त्री पलीकडे थांबलेही होते, जणू वाट बघत. आणि आप्पा म्हणाले, “मनाला लावून घेऊ नका, मिस्त्री. माणूस आहे, होतं कधी कधी. आम्ही काही मनात ठेवलेलं नाही.”

म्हणजे आप्पांनी मिस्त्रींना माफ केलं! फोन ठेवल्यावर आपण काय बोललो ते त्यांना कळलं आणि कानशिलं तापली. धरणीने पोटात घ्यावं असं माणसाला वाटतं म्हणतात. आप्पांना वाटलं, धरणीनेही आपल्याला घेऊ नये. ज्यांना त्यांनी तुरुंग दाखवला होता, त्यांतला एकही जण दुसऱ्याला माफ करण्याइतका निर्लज्ज नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी लेक आणि नात बाहेर पडल्यावर ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले आणि बायकोला सगळं सांगितलं. भंगारातला शाफ्ट, नट, रंगाचा डबा, काही राखलं नाही. त्यांना वाटलं होतं, आता ती कडाडेल. तिने गॅस बंद केला.

“पोर मागे बसली होती,” ती म्हणाली.

“हो.”

“आणि काल त्या माणसाला शिव्या दिल्याचं लेक सांगत होती तेव्हा तुम्ही पेपर वाचत होतात.”

“हो.”

“मला काय सांगताय मग? आधी तिकडे जा. लेकीला संध्याकाळी तुम्हीच सांगायचं. मी सांगणार नाही.”

दोन रस्ते ओलांडायला आप्पांना अर्धा तास लागला. वाटेत ते औषधाच्या दुकानात शिरले आणि काही न घेता बाहेर आले. एकदा तर चक्क घराकडे वळले. शेवटी गॅरेज आलंच. मिस्त्री पाने पुसून एकेक कापडात गुंडाळून पेटीत ठेवत होते. मागे डावं चाक काढलेली आप्पांची गाडी टेकूवर उभी होती.

गिऱ्हाइकांना बसायला ठेवलेला पत्र्याचा डबा आप्पांनी पुढे ओढला नाही. उभ्यानेच बोलले. “मिस्त्री, तो नट तुम्ही आवळलेला नाही. तुमचा मी काढला होता. पुन्हा मीच लावला, जुनाच. आणि वर तुमची रेघ मी ओढली. काल फोनवर सांगायला हवं होतं, माझी जीभ रेटली नाही.”

मिस्त्रींच्या हातातला पाना तसाच राहिला. मग त्यांनी तो ठेवला आणि आपले दोन्ही तळवे समोर धरून बघितले, उलटे, सुलटे. “म्हणजे माझे हात...” ते म्हणाले आणि हसले. हसताना त्यांचे डोळे भरून आले. आप्पांना वाटलं, आता दोन थोबाडीत बसल्या तरी चालेल, या माणसाचं याला परत मिळालं.

“पण नट कशाला काढलात?” मिस्त्रींनी विचारलं. नुसती चौकशी, रागसुद्धा नाही.

“शाफ्ट बदलला. आवाज येत होता. भंगारवाल्याकडून आणला.”

मिस्त्रींचं हसू हळूहळू उतरलं. “दुसऱ्या गाडीचा शाफ्ट?”

“हो.”

“तुमच्या शाफ्टवर मधोमध लोखंडाचं जाड कडं असतं. मुठीएवढं. याच्यावर आहे?”

आप्पा आठवायला लागले. कडं नव्हतं. तेव्हा त्यांना वाटलं होतं, नसलं तर काय बिघडतं. “नाही,” ते म्हणाले.

बाहेरून एक टेम्पो गेला.

“काल मी तासभर या चाकापाशी होतो साहेब,” ते म्हणाले. “बॅटरी घेऊन. मला रेघ दिसली. पिवळी ना, ती दिसते अजून. बाकीचं मी हाताने चालवतो. वर्षभर झालं. घरात कोणाला माहीत नाही.”

आता आप्पांना कळलं, आपण काय करून बसलोय ते. काल या माणसाला हातांची शंका होती, ती खोटी होती. आज आपण कबुली द्यायला आलो आणि डोळ्यांची खात्री करून दिली. काहीतरी बोलावं म्हणून ते म्हणाले, “चष्मा बदलून बघा,” आणि आपल्याच आवाजाची त्यांना किळस आली.

“तीनदा बदलला,” मिस्त्री म्हणाले.

मग ते उठले. पेटीतून त्यांनी मघाशी गुंडाळलेला एक पाना काढला, कापड सोडलं आणि आप्पांपुढे धरला.

“शर्ट काढा आणि खाली बसा. गाडी अशी अर्धी सोडून मी बंद करणार नाही. नवीन नट आणि बरोबरचा शाफ्ट मी मागवतो. आवळताना हात माझे, पण बघायचं तुम्ही. काय काय दिसतं ते एकेक करून सांगत जा.”

आप्पांनी शर्ट काढून दाराला अडकवला. गुडघे थंड फरशीवर टेकले आणि चाकाच्या पोकळीत डोकं घातलं. मिस्त्री त्यांच्या खांद्याशी ओणवे झाले. त्यांचा श्वास आप्पांच्या मानेला लागत होता.

“सांगा,” मिस्त्री म्हणाले. “आणि साहेब, अंदाजे नको.”

“नट दीड बोट बाहेर आलाय,” आप्पा म्हणाले. “आटे घासलेत. कड दोन ठिकाणी चेपलीय. एक खूण जुनी आहे, तुमची. दुसरी वाकडी आहे.” ते थांबले. “दुसरी माझी.”

“पुढे,” मिस्त्री म्हणाले.