मिस्त्रींच्या कानामागची चपटी पेन्सिल

मी एक चपटी पेन्सिल. हसू नका. फळीवरून घरंगळू नये म्हणून मला मुद्दाम अशी घडवलीय. शाळेतल्या गोल पेन्सिली दिसायला नाजूक असतील, पण छपरावर त्यांचा काय टिकाव लागणार!

मिस्त्रींनी मला हार्डवेअरच्या दुकानातून घेतलं आणि थेट कानामागे खोचलं. पंचवीस वर्षं ते घरं बांधताहेत, पण पाटीवर नाव कायम दुसऱ्याचं. कारण त्यांच्याकडे ठेकेदारीचा सरकारी परवाना नाही. त्याच्या परीक्षेत ते दोनदा आपटले होते. आता तिसरी आणि शेवटची संधी.

"अहो, साइटवर काय करता ते नका लिहू, पुस्तकात आहे ते लिहा," त्यांची बायको रोज बजावायची. मिस्त्री पुस्तक उघडायचे आणि लिहिणाऱ्याच्याच चुका काढत बसायचे. "याने जन्मात जिना बांधलेला दिसत नाही!"

परीक्षेला ते मला घेऊनच गेले. मी कानामागे नसले की त्यांचं डोकं चालत नाही. हे त्यांचंच म्हणणं, माझी बढाई नव्हे.

पेपरात नेमका जिन्याच्या पायऱ्यांचा हिशेब आला. मिस्त्री खुलले. कच्च्या कामाला कोरा कागद दिला होता, पण तिकडे बघतंय कोण? साइटवर गणित करायचं ते समोरच्या लाकडावर. त्यांनी बाकावरच अख्खा जिना मांडला.

पर्यवेक्षक बाई येऊन उभ्या राहिल्या. "बाकावर उत्तरं लिहून ठेवलीत? उठा. पेपर द्या इकडे."

मिस्त्रींचा चेहरा खर्रकन उतरला. त्यांच्या बोटांना घाम सुटला आणि खरं सांगते, मीही घाबरले.

"बाई, आत्ताच लिहिलंय हो. हाताला सवयच आहे तशी."

"मग माझ्यासमोर करून दाखवा." बाईंनी जिन्याची दुसरी उंची सांगितली.

मिस्त्रींनी मान डोलावली, कोरा कागद बाजूला सारला आणि पुन्हा बाकावरच गणित मांडलं! मी कपाळावर हात मारला असता, पण मला हात कुठले?

बाईंना हसू आवरेना. "बसा. जाताना बाक पुसून जा."

मिस्त्री पास झाले. परवाना आला. पाटी रंगवणाऱ्याने नाव लिहून मागितलं, तेव्हा त्यांनी मला काढलं. आजवर माझ्याकडून त्यांनी लांबी, रुंदी, उंचीच लिहून घेतली होती. स्वतःचं नाव लिहिताना तीन कागद फाडले, चौथ्यावर जमलं. मला फार भरून आलं.

तासून तासून मी आता अंगठ्याएवढी उरलेय. कानामागे ठरत नाही, सारखी घसरते. उद्या नवी येईल, येऊ दे. पण मिस्त्री, ती पाटी लागेपर्यंत तरी मला टाकू नका. मला ती बघायचीय.