हात उचलल्यावरची किंकाळी

धाडचा आठवडी बाजार एका बाजूला आणि जानराव महाराजांचा मांडव दुसऱ्या बाजूला. गर्दी कुठे जास्त, हे सांगणं अवघड होतं. मिरच्या-कांदे विकायला आलेली माणसं माल शेजाऱ्याच्या भरवशावर टाकून मांडवात शिरत होती. महाराज म्हणे नुसत्या बोटांनी पोट उघडत, आतली गाठ काढत आणि पोट पुन्हा मिटवत. ओरखडासुद्धा उरत नसे.

"सुई नाही, सुरी नाही, भूल नाही, बिल नाही!" महाराजांच्या तोंडाचा पट्टा चालू होता. "डॉक्टर कापते, देव उकलते!"

देव मात्र फक्त बाजाराच्याच दिवशी उकलायचा. बाकी दिवस त्याला सुट्टी. असं का, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं.

तिसऱ्या रांगेत डोक्यावर पदर घेऊन धम्मशीला बसली होती. याच गावची लेक, आता बुलढाण्यात पोटाची ऑपरेशनं करणारी डॉक्टर. ती शाळेत असताना तिचा थोरला भाऊ चंद्रशेखर याच चटईवर आडवा झाला होता. महाराजांनी पोट दाबून हात उचलला आणि तो किंचाळला. बाधा निघाली म्हणून सगळ्यांनी हात जोडले. रोज बुद्धवंदना म्हणणाऱ्या आईनंही त्या दिवशी नारळ फोडला. दुसऱ्या दिवशी चंद्रशेखर गेला. आज धम्मशीलेला न्यायबिय काही नको होतं, तिला या माणसाचे भर बाजारात धिंडवडे काढायचे होते. तिनं पोलिसांत आधीच तक्रार दिली होती. ते येईपर्यंत गप्प बसायचं, एवढंच ठरलं होतं.

आधी सरस्वतीबाईंची पाळी आली. महाराजांनी म्हातारीच्या पोटावर हळद फासली, तांब्यातल्या तीर्थात हात बुडवले आणि सैल कातड्यात बोटं रुतवली. लाल ओघळ वाहिला. मग मुठीतून पांढरी, बुळबुळीत जाळी वर आली आणि मांडवभर जयजयकार झाला.

त्यानंतर मोतीराम नावाचा एक माणूस आपल्या लेकीला, समताला घेऊन पुढे आला. पोरगी कमरेत वाकून चालत होती, कालपासून उलट्या करत होती. महाराजांनी पोटाच्या उजव्या अंगाला, खालच्या बाजूला दाबलं आणि हात उचलला. समता किंचाळली. लोकांनी हात जोडले.

"बाधा निघाली," महाराज म्हणाले. "आता गाठ काढतो."

धम्मशीलेनं मांडवाच्या दाराकडे पाहिलं. पोलिसांचा पत्ता नव्हता. आता उठलं तर हा माणूस निसटेल आणि बसून राहिलं तर पोरगी जाईल. वैर इतकी वर्षं थांबलं होतं, आणखी थोडं थांबलं असतं. ती उठली, पुढे झाली आणि समताच्या पोटावर हलकेच हात ठेवला. पोट उजव्या अंगाला लाकडी पाटासारखं ताठ झालं होतं. आपण डॉक्टर आहोत, पोरीचं अपेंडिक्स सुजलंय, आत्ताच बुलढाण्याला न्यायला हवं, असं तिनं मोतीरामला सांगितलं.

"पण बाधा तं निघाली ना बाई," मोतीराम म्हणाला. "मंग दवाखान्यात काऊन नेऊ?"

समजावत बसायला वेळ नव्हता. धम्मशीलेनं महाराजांच्याच पाटावरचं लिंबू उचललं, दातानं फोडलं आणि सरस्वतीबाईंच्या पोटावरच्या रक्तावर पिळलं. रक्त पिवळंधमक झालं.

"हळदीले चुन्याचं पाणी लागलं की लाल होते, लिंबू लागलं की परत पिवळी," ती म्हणाली. "तांब्यात चुन्याची निवळी आहे, दुसरं काही नाही."

मग महाराजांचा हात मघाशी जिथं गेला होता, त्या आसनाखाली तिनं हात घातला आणि पिशवी ओढून रिकामी केली. आत तशाच आणखी जाळ्या होत्या. बकऱ्याच्या आतड्यांवर चरबीची जाळी असते, हे तिथल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं, फक्त मांडवात कुणाला आठवलं नव्हतं. बकरं बाजाराच्या दिवशी कापतात, म्हणून देवही बाजाराच्याच दिवशी येत होता. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं.

मोतीराम अजून घुटमळत होता. धम्मशीला त्याच्याजवळ बसली. "दादा, कोटाले आतून अस्तर असते ना, तसं पोटालेही असते. तेच वळून आतड्यावर, जठरावर, यकृतावर पांघरूण घालते. आतलं काही सुजलं की ते अस्तर भडकते. दाबलं की दबते, हात उचलला की झटक्यानं मागं येते, म्हणून लेकरू ओरडते. बाधा निघून नाही राह्यली, पोरगी मरून राह्यली."

मोतीरामनं पोरीला उचललं आणि बुलढाण्याला जाणाऱ्या जीपकडे नेलं.

महाराज मागच्या कनातीकडे सरकत होते. पिवळ्या पोटाच्या सरस्वतीबाईंनी त्यांचं उपरणं असं धरलं की पोलीस येईपर्यंत सोडलं नाही. जाता जाता धम्मशीलेनं विचारलं, "चंद्रशेखर आठवते का?"

"कोणता चंद्रशेखर?"

तो सोंग करत नव्हता, त्याला खरंच आठवत नव्हतं. त्याच्या कानाखाली ओढावी असं तिला फार वाटलं. पण जीप चालू झाली होती आणि तिचे हात तिकडे हवे होते.

समताचं अपेंडिक्स काळंनिळं झालं होतं, फुटलं मात्र नव्हतं. भोवतालचं अस्तर नुसतं लाल होतं. धम्मशीलेनं अपेंडिक्स काढलं, पोट शिवलं आणि मग बाहेर येऊन भावासाठी रडली. जानरावविरुद्धचा जबाब तिनं त्याच दिवशी दिला. त्यात एक शब्दही सौम्य केला नाही.

पुढच्या बाजारी ती त्याच जागी उभी राहिली. समोर जुनीच माणसं होती, थोडी ओशाळलेली.

"मी काही देव नाही, माह्यावरही डोळे झाकून विश्वास ठेवू नका," ती म्हणाली. "इचारा, तपासा. पण पोटावरचा हात उचलल्यावर लेकरू ओरडलं, तं हात जोडू नका. जीपले हात दाखवा."