तणांची फाईल

सोमवारी अकरा वाजता माझं प्रॅक्टिकल, आणि शनिवारी दुपारी मी तीर्थपुरीच्या एसटीत एका पायावर उभी! हे सन चौऱ्याहत्तरचं. औरंगाबादला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाची सहामाही लागलेली, वाचून वाचून डोकं भणभणलेलं, आणि आमच्या साहेबरावदादाला सुपारी फोडायला नेमका हाच रविवार सापडला. बाबांचं कार्ड आलं, "बहीण पाहिजेच." आता बाबांपुढं कुणाचं चालतंय? सगळ्या वाटेनं मी दादाला मनातल्या मनात शिव्या घालत होते.

एका हातानं वरची दांडी धरलेली, दुसऱ्या हातात वनस्पतिशास्त्राची फाईल होती. तिला मी बसमध्ये माणसापेक्षा जास्त जपलं. पंचवीस तणं, दाबून वाळवलेली, एकेका कागदावर लावलेली. खाली चिठ्ठी: नाव, गाव, तारीख, आणि गोळा करणाऱ्याचं नाव. फाईल न्हाई तर परीक्षेला बसू देणार न्हाईत, असं सरांनी फळ्यावर लिहून दिलं होतं. दोन महिने होस्टेलच्या मागं उन्हात हिंडून मी ती भरली होती.

घरी पोचले, फाईल ओसरीवर ठेवली, हातपाय धुवून चहा पिऊन आले. बघते तर फाईलचा बंद सुटलेला, आणि दारातली शेळी मजेत तोंड हलवतेय.

"बेबे," कांताकाकी म्हणाली, "कुणी तरी तुझी मस्करी केली गं. सगळं तणच बांधून दिलं व्हतं तुझ्याजवळ! टाकलं शेळीला."

काकीचा तरी काय दोष? तीस वर्षं मायच्या जोडीनं लोकांच्या रानात खुरपायला जाते. तण दिसलं की उपटायचं आणि बाजूला टाकायचं, एवढंच तिच्या हाताला ठाऊक. पण तेव्हा एवढं शहाणपण कुठलं! मी ओसरीवरच बसकण मारली आणि भोकाड पसरलं. काकीचा चेहरा एवढासा झाला.

माय भाकरी टाकता टाकता उठून आली. "किती तणं पाह्यजेत?"

"पंचवीस! येगयेगळी!"

"इतकंच व्हय? म्या म्हणलं, कोण गेलं की काय. उद्या दिवस उगवायला चल मंग."

रविवारी तांबडं फुटायला माय, काकी आणि शेजारची द्वारकाबाई, तिघी खुरपी घेऊन पुढं, आणि मी मागं पळतेय. केना, कुंजरू, घोळ, आघाडा, लव्हाळा, तरोटा. मला होस्टेलमागं आघाडा सापडायला आठ दिवस लागले होते. या बोलत बोलत चालत होत्या आणि हात आपोआप खाली जात होते. तासाभरात बत्तीस झाली.

ज्वारीत जांभळ्या फुलाचा टारफुला दिसला. मी उपटायला वाकले तशी माय ओरडली, "थांब! असं उपटलं तर ते खोटं. त्याचं तोंड खाली हाय." तिनं ज्वारीचं एक ताटच बुडासकट खणून काढलं, ओंजळीत माती हळूहळू चुरली. टारफुल्याची मुळी ज्वारीच्या मुळीला चिकटून बसली होती, अगदी पितेय अशी. हे चित्र मी पुस्तकात पाहिलं होतं. खरं पहिल्यांदाच पाहिलं.

आता ओलं तण एका दिवसात वाळणार कसं? दादाच्या सदऱ्यासाठी शिंप्याकडून कोळशाची इस्त्री आणली होती. ती मी धरली. वर्तमानपत्रात तण, वर इस्त्री. दादा "माझा सदरा! माझा सदरा!" करत फिरत होता. शेवटी पाहुण्यांसमोर चुरगळलेल्या सदऱ्यात बसला. बरी जिरली! सोयरीक काही मोडली न्हाई त्यानं.

पाहुणे गेल्यावर काकीनं सुईदोरा घेतला आणि एकेक तण कागदावर गोधडीच्या टाक्यानं बसवलं. मी चिठ्ठ्या लिहायला बसले. गोळा करणाऱ्याचं नाव आलं आणि हात थांबला. नमुने विद्यार्थ्यानं स्वतः गोळा करायचे, असा नियम होता.

"तुझंच लिव्ह," माय म्हणाली. "उगंच मास्तर नापास करंल. आमच्या नावाचं काय करायचंय तिथं?"

मला रागच आला. तिचा न्हाई, माझा. खणलं कुणी, ओळखलं कुणी, आणि नाव माझं? मी खरी नावं लिहिली. मग वाचून दाखवली. माय ऐकत राहिली आणि म्हणाली, "येकदा अजून वाच."

सोमवारी पहाटेच्या गाडीनं गेले. बाहेरून आलेले परीक्षक फाईल चाळत होते. टारफुल्यावर ते थांबले. चष्मा वर करून मुळी पाहिली, बोटानं टाका चाचपला.

"ही जोडलेली मुळी अख्खी कुणी काढली? आमच्याकडं नेहमी तुटते."

"आईनं, सर. खाली नाव आहे."

त्यांनी मोठ्यानं वाचलं, "मालनबाई तातेराव खरात. कुठं शिकवतात?"

"शिकवत न्हाई, सर. मजुरीनं खुरपायला जाते."

त्यांनी चिठ्ठी पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "नियम म्हणजे नियम. दुसऱ्याचे नमुने, तेव्हा दोन मार्क कापावे लागतील. आणि हा कागद कॉलेजच्या कपाटात राहील. चिठ्ठी बदलू नका."

वीसपैकी अठरा पडले. माझ्या अख्ख्या शिक्षणात मार्क गेल्याचा आनंद झाला तो तेवढ्याच दोन मार्कांचा.