रुईच्या पानावरचे ठिपके

आमचे हे गेले तेव्हा महिनाभर माणसांची रीघ होती, मग कोणी फिरकेना. मुलगा ठाण्याला घोडबंदर रोडला राहायला गेला. मला सोबत कुणाची, तर मागच्या मोकळ्या प्लॉटवरच्या फुलपाखरांची. हसू नका! केशरी, पंखांना काळी किनार. पूर्वी वीस-पंचवीस असायची. मग डोंबिवली वाढली, झुडपं गेली, बिल्डिंगी आल्या. त्र्याण्णव साली एकच उरलं. रोज सकाळी खिडकीतून मी त्याला विचारायची, "आलीस का गं बाई?" बोलायला दुसरं होतं कोण?

प्लॉटवर रुईचंही एकच झाड उरलेलं. यांच्या आजारपणापासून मी दर शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालायची. हे गेले, तरी नेम मोडवला नाही. देवाच्या गळ्यात घाण पान कसं घालायचं? ओल्या फडक्यानं एकेक पान दोन्ही बाजूंनी पुसायची. मागे बारीक पांढरे ठिपके असत. कारखान्याची राख, दुसरं काय! मुडदा बशिवला त्या कारखानेवाल्यांचा, म्हणत घासून काढायची.

एका शनिवारी खालच्या मजल्यावरची सुमती आली. शाळेत जीवशास्त्र शिकवते ती. तिनं माझा हातच धरला.

"काकू, थांबा! ही अंडी आहेत. तुमच्या त्या फुलपाखराची."

"काहीतरीच काय!"

"खरंच. त्याच्या अळ्या रुईचीच पानं खातात."

तोवर सगळी पानं पुसून झाली होती. हातातलं तेवढं एक राहिलं. सुमतीनं ते पेल्यात पाणी घालून ठेवलं. चार दिवसांत पान सुकलं आणि ठिपकाही वाळून गेला.

पुढच्या शनिवारी मारुतीपुढे रिकाम्या हातानं उभी राहिले. "रागव हवं तर, पण माळ आता मिळायची नाही," म्हटलं. प्लॉट साफ करायला माणूस आला, तर त्याच्या अंगावर धावून गेले. "रुईला हात लावलास तर गाठ माझ्याशी आहे!" म्हातारीला वेड लागलंय म्हणत तो हसला, पण रुई सोडून गेला.

फुलपाखरू काही पुन्हा आलं नाही. बिल्डरला, कारखान्याला, सगळ्या जगाला शिव्या दिल्या मी. शेवटची अंडी मात्र माझ्याच हातानं पुसली.

परवा समोरच्या हौसाबाई खालून ओरडल्या, "अहो विमलाबाई, रुई काय फोफावलीय! एक पान किडलेलं नाही!"

मी खिडकी लावून घेतली आणि ढसाढसा रडले.