मानाचा दगड

सोलापूरच्या त्या सरकारी बंगल्यात राज्यपाल उतरायचे, तेव्हा त्यांना बंगला दाखवायचा मान रावजी पट्टेवाल्याचा. गोऱ्या साहेबाचा दरबार कुठं भरायचा, सलामी कुठं व्हायची, सगळं तो घडाघडा सांगायचा. लाल पट्टा लावून रावजी पाहुण्याच्या पुढं आणि खुद्द कलेक्टरसाहेब मागं. आता अशा मानावर कुणी डोळा ठेवला, तर माणसाला अन्न गोड लागेल का, तुम्हीच सांगा.

डोळा ठेवला सिद्धारामनं. अक्कलकोटकडचा गडी, घरात कानडी बोलणारा, बंगल्यावर येऊन पुरतं वर्षही नव्हतं झालं. पण बोलायला लागला की ऐकणारा जागचा हलायचा नाही. कलेक्टरीणबाईंच्या मैत्रिणींना त्यानं एकदा बंगला दाखवला, तर त्या डोळे पुसत बाहेर आल्या. कशापायी, तर एका मोडक्या आरामखुर्चीपायी. रावजीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्यात चौऱ्याहत्तर साली राज्यपालांचा दौरा ठरला आणि साहेब म्हणाले, "या खेपेला सिद्धारामला बोलू द्या. रावजी, तुम्ही हाराचं ताट धरा."

ताट! तेवीस वर्षं पुढं चाललेल्या माणसानं ताट धरायचं. रावजीनं मनाशी ठरवलं, ह्याचं हसं करायचंच.

मोरीमागं धुण्याचा एक काळा दगड होता. संध्याकाळी तिथं विडी ओढता ओढता रावजी सहज म्हणाला, "सिद्धारामा, ह्यो दगड साधा न्हाय बरं. जुन्या मोठ्या दुष्काळात साहेबानं ह्याच्यापाशी बसून लोकास्नी जोंधळा वाटला. तवापास्नं पाव्हणा आदी ह्याच्यावर मूठभर जोंधळा वाहायचा, मगच आत पाय ठिवायचा. पुढं मोडली ती रीत."

"खरं की काय?"

"आमच्या म्हाताऱ्यानं डोळ्यांनी बगितलंय की."

राज्यपाल आले. सिद्धारामनं ती गोष्ट सांगितली, आणि काय सांगितली! रावजी ताट धरून हशाची वाट बघत राहिला. कुणी हसलं नाही. नुकताच सरलेला दुष्काळ सगळ्यांच्याच डोळ्यांपुढं होता. राज्यपाल तडक मोरीमागं गेले, पायातली चप्पल काढली, स्वयंपाकघरातून जोंधळा मागवला आणि दगडावर वाहिला. जाताना सांगून गेले, दगड दारापुढं आणा, रीत पुन्हा चालू करा. दगड उचलायला चौघं लागले. त्यात एक रावजी.

तेव्हापासून कुणी मोठं माणूस आलं की सिद्धाराम बोलायचा आणि रावजी जोंधळ्याचं ताट धरायचा. शेवटी न राहवून तो साहेबांकडं गेला. म्हणाला, "साहेब, त्यो धुन्याचा दगड हाय. सगळं म्याच रचलं." साहेब हसले. "रावजी, किती जळाल त्या बिचाऱ्यावर?" बंगल्यातल्या कुणाचाच विश्वास बसला नाही.

पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर बंगला लोकांना उघडा असायचा. त्या वर्षी केम गावाहून रावजीची बायको वच्छला पहिल्यांदाच आली. दुष्काळी कामावर तिनं उपाशीपोटी खडी फोडली होती. सिद्धारामचं बोलणं ती पदर तोंडाशी धरून ऐकत राहिली. मग नवऱ्याच्या ताटातला जोंधळा मुठीत घेतला, दगडावर वाहिला आणि कपाळ टेकलं. उठली तेव्हा गाल ओले होते.

"आवं, इतकी वर्सं तुमी हितं," ती म्हणाली, "आन् ह्यातलं एक अक्षर कदी बोलला न्हाय. त्या मानसाला बगा, उपाशी पोटाचं लई कळतंय."

रावजीच्या अंगात आग पेटली. अगं, माझं हाय ते, माझ्या डोक्यातलं, असं अगदी ओठांवर आलं. पण मग तिनं कपाळ टेकलं ते कशावर? तिची नजर तर अजून सिद्धारामवरच होती.

"पुढं सरक," तो म्हणाला. "मागं लोक हायती."