आधी आपलं खोकं, मग त्याचं

"उघड एकदाचं ते खोकं, नाहीतर मीच कात्री घालते," माझी बायको नदीन म्हणाली. हातात खरंच कात्री होती.

"हात तर लावून बघ!"

"तेवीस दिवस झाले, व्हर्लिन. तेवीस दिवस फ्रिजवर बसलंय. आता काय पिल्लं निघायची वाट बघतोयस?"

मी खोकं आणखी भिंतीकडे सरकवलं. सत्तावीस वर्षं शाळेचा बॉयलर सांभाळतोय, तापलेल्या गोष्टीला लगेच हात लावू नये एवढी अक्कल आहे मला. शिवाय तिचं काही चूक नव्हतं. त्या खोक्यापायी मलाच चैन नव्हती. दुपारच्या सुट्टीत जेवायचं सोडून घरी यायचो, टपालपेटी उघडून बघायचो, रिकामी दिसली की तिचं झाकण आपटून परत जायचो.

खोकं ऑर्विलचं होतं. ऑर्विल टेस्के, राहणार नेब्रास्का. एकोणीस वर्षं आम्ही एकमेकांना टपालानं बेसबॉलची कार्डं पाठवतोय. पुढं खेळाडूचा फोटो, मागं त्याच्या खेळाचे आकडे, च्युइंगमच्या पुडीत मिळायची ती. इथं ओहायोत लहानपणी सगळेच जमवतात आणि मग शहाणे होतात. आम्ही दोघं तेवढे राहिलो. एका मासिकाच्या मागच्या पानावर त्याला हव्या असलेल्या कार्डांची यादी आली होती, त्यातली सहा माझ्याकडे होती. तिथून सुरुवात झाली. भेट नाही, फोन नाही, नुसती पत्रं. त्याची बायको गेली तेव्हा त्यानं ते चार ओळींत कळवलं होतं, कार्डांच्या नंबरांच्या मधेच. मला ते पत्र घेऊन बॉयलरच्या खोलीत जाऊन बसावं लागलं होतं. मित्र म्हणावा असा मला हा एकच माणूस.

आमचा नियम एकच. समोरच्याचं खोकं आलं, तरी आपलं त्याच्यासाठीचं टपालात पडल्याशिवाय ते उघडायचं नाही. नियम त्याचाच. "दुसऱ्यानं काय दिलं ते एकदा बघितलं की माणूस मोजमाप करायला लागतो," असं त्यानं पहिल्याच वर्षी लिहिलं होतं. मला पटलं. एकोणीस वर्षांत एकदाही मोडला नव्हता.

एरवी चार-पाच दिवसांत माझं खोकं निघायचं. या खेपेला ते तयारही होतं. कार्डं प्लॅस्टिकच्या पाकिटांत, दोन पुठ्ठ्यांच्या मधे, चिकटपट्टीचं टोक दुमडलेलं, म्हणजे समोरच्याला नख लावायला बरं. पण नेमकं त्याच आठवड्यात टोलीडोच्या एका दुकानदाराकडे तीनशे अठ्ठ्याऐंशी नंबरचं कार्ड असल्याचं कळलं. ऑर्विलच्याच गावचा एक पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, एकच हंगाम खेळला बिचारा आणि खांदा गेला. ऑर्विल अकरा वर्षं त्या कार्डाच्या मागे होता. म्हटलं, आता पाठवायचं तर हे घालूनच. पैसे पाठवले आणि वाट बघत बसलो. तो मेला दुकानदार आज पाठवतो, उद्या पाठवतो म्हणायचा.

"त्याला वाटेल तू विसरलास," नदीन म्हणाली.

"ऑर्विलला असं काही वाटत नाही. तुला नाही कळायचं ते."

"हो बाई! दोन म्हातारे पोरांची चित्रं पाठवतात एकमेकांना, त्यात न कळण्यासारखं काय आहे?"

चोविसाव्या दिवशी कार्ड आलं. एका कोपऱ्याला किंचित दुमड, बाकी लख्ख. मी कोटसुद्धा न काढता ते खोक्यात घातलं, पोस्टात नेऊन दिलं, पावती घेतली आणि जवळजवळ पळतच घरी आलो. मग फ्रिजवरचं खोकं खाली घेतलं.

पहिलं कार्ड बघितलं आणि हरखलो. दुसरं बघितलं तेव्हा हात थांबला. डाव्या बाजूला पेन्सिलीची बारीक खूण होती. ऑर्विल असली खूण फक्त स्वतःच्या संग्रहातल्या कार्डांवर करायचा. आम्ही पाठवतो ती जोडीतली जास्तीची कार्डं, स्वतःचं एकुलतं एक कुणी देत नाही. तिसऱ्यावर खूण, चौथ्यावर खूण. सगळी त्याची स्वतःची होती. तळाशी पत्र होतं.

"व्हर्लिन, घशात गाठ निघाली. चौदा तारखेला ऑपरेशन. आवाजाची पेटीच काढणार म्हणतात. त्याआधी एकदा फोन कर. खास बोलायचं काही नाही. तुझा आवाज कसा आहे ते ऐकायचंय आणि माझा तुला ऐकवायचा राहिलाय. मीच केला असता, पण टेलिफोन चौकशीवाली म्हणते तुझा नंबर यादीत नाही. तू चार-पाच दिवसांत उघडतोसच, म्हणजे वेळ आहे." खाली नंबर.

आज सव्वीस तारीख होती.

नंबर यादीतून मीच काढून घेतला होता. थंडीत बॉयलरसाठी रात्री-अपरात्री उठवायचे म्हणून. अरे गाढवा, मी मोठ्यानं म्हणालो, खोक्यावर बाहेरून लिहायचं ना! पण नसतंच लिहिलं त्यानं. मीही लिहिलं नसतं.

नदीननं पत्र वाचलं. फोन उचलून माझ्या हातात दिला.

पलीकडे बाईचा आवाज आला. मी नाव सांगितलं.

"तुम्हीच ते ओहायोचे?" ती म्हणाली. "मी मार्लिस, त्यांची मुलगी. तेरा तारखेला जेवायलासुद्धा उठले नाहीत ते फोनजवळून, माहीत आहे?"

"मी खोकं उघडलं नव्हतं," मी म्हणालो. "माझं जायचं होतं अजून."

"बाबा अगदी हेच म्हणत होते. 'त्याचं निघालं नसेल, म्हणून उघडलं नसेल.' मी म्हटलं, असं कुठं असतं का हो? तर माझ्यावरच चिडले."

मी कसंबसं विचारलं, "कसा होता गं त्याचा आवाज?"

"बाबांचा? पंचवीस वर्षं गावच्या मैदानावर अंपायर होते. 'आउट' म्हणाले की कोठारावरची कबुतरं उडायची."

एकोणीस वर्षांत हे त्यानं एकदाही लिहिलं नव्हतं. आणि आता ते मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागत होतं.

"कालच घरी आणलंय," ती म्हणाली. "त्यांच्या कानाला लावते फोन. बोटानं टकटक करतील. एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही."

मग नुसता श्वास ऐकू आला, शिट्टीसारखा, ओला.

"ऑर्विल," मी म्हणालो, "मी व्हर्लिन."

टक.

"तीनशे अठ्ठ्याऐंशी मिळालं. आजच टाकलंय टपालात. त्याच्यापायीच उशीर झाला रे."

टकटक टकटक टकटक. नाही, नाही, की आनंदानं, कोण जाणे. मला रडूच फुटलं. साठीचा बाप्या, स्वयंपाकघरात उभा राहून हुंदके देत होतो. नदीननं मागून खुर्ची सरकवली.

पुढं काय बोलायचं? लिहायला बसलो की चार पानं भरतात, तोंडानं मात्र मला कधी धड बोलता आलेलं नाही. समोर त्याची कार्डं पडली होती. एक उचललं, उलटं केलं आणि मागचं वाचायला लागलो. उंची, वजन, जन्मगाव. पहिला हंगाम, सामने एकशे बारा, होम रन नऊ. दुसरा हंगाम, सामने एकशे चाळीस, होम रन सतरा. शेवटपर्यंत वाचलं.

"आणखी वाचू?"

टक.

सहा-सात कार्डं झाली असतील. मग मार्लिसचा आवाज आला, लांबून, "दमलेत हो ते. डोळे मिटतायत. पण रिसीव्हर काही सोडत नाहीयेत."

"राहू दे," मी म्हणालो, आणि आवाज जरा खाली आणून पुढचं कार्ड वाचायला घेतलं.