शोभादिदींचा सगुन

असतील शितं तर जमतील भुतं. पण शेजारच्या शोभादिदी अमात्य त्यातल्या नाहीत, असं नीलुफर सगळ्यांना ठासून सांगायची. तिचा नवरा मुस्तफिज काठमांडूच्या बांगलादेशी वकिलातीत सचिव. ढाक्याहून विमानाने येणाऱ्या इलिश माशांनी घरातला मोठा फ्रीजर भरलेला असे, आणि दर शनिवारी शोभादिदी जेवायला येऊन काटेसुद्धा चोखून खात.

दसैंला, म्हणजे नेपाळी दसऱ्याला, त्या नीलुफरच्या लेकीला, तूलीला, अंगणात बसवून कपाळभर टिका लावायच्या. "ही माझी धाकटी लेक!" मुसलमानाच्या पोरीला टिका, म्हणून वकिलातीतल्या बायकांनी नाकं मुरडली. "मायेला धर्म नसतो, भाबी," असं सुनावून नीलुफरने त्यांची तोंडं बंद केली होती.

मग अचानक परतीचा हुकूम आला. तूलीची दहावीची परीक्षा दोन महिन्यांवर होती. आत्ता ढाक्याला नेली तर वर्ष बुडणार. नीलुफर थेट शोभादिदींकडे गेली. त्यांच्या चार मजली घरात दोन खोल्या रिकाम्याच होत्या.

"दिदी, परीक्षेपुरती तूलीला ठेवून घ्या."

शोभादिदींनी तिचा हात हातात घेतला. "बहिनी, माझा जीव आहे गं तिच्यात! पण आमच्या सासूबाईंचं माहीत आहे ना तुला? तुमचं माणूस घरात राहायचं, स्वयंपाकघरात ये-जा करायचं... म्हातारी अन्न सोडेल." आणि त्याच दमात, "फ्रीजर मात्र दुसऱ्या कुणाला देऊ नकोस हं. मासे राहू देत तसेच, उगाच काढत बसू नकोस."

नीलुफरला शिसारी आली. तीन वर्षं हिच्या पानात आपण हौसेने वाढलं, याचीही आली.

"देऊन टाक," मुस्तफिज म्हणाला. "उद्या दुसरा सचिव येईल, त्याला ही माणसं लागतील. हसून दे." हसण्याचाच तर पगार मिळायचा त्याला. फ्रीजर गेला.

निघायच्या दिवशी शोभादिदी सगुनाची थाळी घेऊन दारात हजर. दही, अंडं आणि तळलेल्या माशाचा तुकडा. नीलुफरने तो मासा बघताक्षणी ओळखला. तिच्याच फ्रीजरमधला इलिश!

"ये गं माझी धाकटी लेक," शोभादिदी डोळे पुसत म्हणाल्या. "प्रवासाला शुभ असतं, खा."

तूली दोन पावलं मागे सरली. "ही थाळी तुमच्या स्वयंपाकघरातली आहे ना, आंटी? मी शिवले तर आजी जेवायच्या नाहीत."

मुस्तफिज घाईघाईने हसला. "पोर आहे, दिदी, मनावर घेऊ नका." मग दात आवळून लेकीला म्हणाला, "तूली, माफी माग."

"मागणार नाही ती," नीलुफर म्हणाली. लेकीची बुडालेल्या परीक्षेची पुस्तकं तिने स्वतः उचलली आणि गाडीत जाऊन बसली.